पूलमधले तांबूस डाग घासून जातात आणि परत येतात, त्याचं काय करायचं

होळीच्या सुमारास सुरुवात होते. पाणी आत येतं त्या तोंडाभोवती आधी फिकट पिवळी झाक दिसते, मग पायऱ्यांच्या सांध्यांत विटकरी रेघा उमटतात. मे महिन्यात पाहुणे यायच्या वेळेला उथळ भागाकडे बघून वाटतं, कुणीतरी चहाचं पातेलं इथेच विसळलंय. दापोलीजवळ आमच्या घरामागे आठ मीटर बाय चार मीटरचा, पांढऱ्या-निळ्या टाइल्सचा पूल आहे. तीन उन्हाळे आम्ही हे डाग काढले आणि तीनदा ते परत आले. यंदा आले नाहीत, म्हणून हे लिहायला बसलो.

आमची बाग राखणारे काका पूलला 'हौद' म्हणतात. पूल बांधला त्याच वर्षी ते म्हणाले होते, "अहो, ह्या बोअरच्या पाण्याचा चहा करून बघा एकदा. शाई होते." आम्ही हसलो. प्यायला विहिरीचं पाणी, बोअरचं फक्त बागेला आणि पूलला, त्यामुळे त्याचा चहा करायची वेळच आली नव्हती. काकांचं तेव्हाच ऐकलं असतं तर तीन वर्षांचा ॲसिडचा खर्च वाचला असता.

आधी आमच्या चुका सांगतो, कारण बहुतेकांच्या त्याच असतात.

पहिली चूक म्हणजे हिरवट पाणी दिसलं की शेवाळ समजणं. पहिल्या उन्हाळ्यात पाणी हलकं हिरवं झालं, पण तळाच्या टाइल्सचे सांधे मोजता येतील इतकं स्वच्छ होतं. मेंटेनन्सवाला म्हणाला, शेवाळ आहे, शॉक देऊ. रात्री भरपूर क्लोरीन ओतलं. सकाळी बघतो तर हिरव्याचा कोरा चहा झालेला. शेवाळ असेल तर पाणी गढूळ होतं आणि भिंतीवरून हात फिरवला की बुळबुळीत लागतं. पाणी आरपार दिसतंय, भिंत हाताला कोरडी-खरखरीत लागते आणि तरी रंग आहे, तर तो बहुतेक वेळा धातूचा. अशा पाण्यात क्लोरीन वाढवणं म्हणजे आगीत तेल.

असं का होतं ते एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. कोकणातल्या जांभ्यात लोह भरपूर, म्हणूनच आमचे चिरे तांबडे. जमिनीखाली हवा पोचत नाही तिथलं पाणी हे लोह विरघळवून घेतं. पाण्यात साखर विरघळावी तसं ते असतं, डोळ्यांना दिसत नाही. बोअरमधून आलेलं पाणी पेल्यात धरलं तर काचेसारखं नितळ दिसतं. त्याला हवा लागली की हळूहळू, आणि क्लोरीन लागलं की काही मिनिटांत, ते लोह गंजतं. गंजलेलं लोह पाण्यात विरघळून राहू शकत नाही. त्याचे बारीक कण होतात आणि जिथे पृष्ठभाग खडबडीत असेल तिथे चिकटतात. गुळगुळीत टाइलपेक्षा सांध्यांतल्या सिमेंटवर, पायरीच्या कडेवर आणि शिडीच्या पायाशी डाग आधी दिसतात ते यामुळे.

दुसरी चूक ॲसिडची. पूल रिकामा करून हार्डवेअरच्या दुकानातलं टाइल क्लीनर, म्हणजे मुख्यतः हायड्रोक्लोरिक ॲसिड, लावून ब्रशने घासलं. डाग गेले, टाइल्स लखलखल्या, मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. पण ॲसिडने डागाबरोबर सांध्यांतलं सिमेंटही खाल्लं. सांधे आणखी खडबडीत झाले आणि पुढच्या वर्षी डाग महिनाभर आधी आले. सांध्यांतून नख फिरवलं तर वाळूचे कण निघत होते. शिवाय त्या दिवशी कोपऱ्यात थोडं ब्लीचचं पाणी साचलेलं होतं. ॲसिड त्यात गेलं आणि जो वास उठला त्याने दोघेजण खोकत बाहेर पळाले. तो क्लोरीन वायू होता. खोल, बंदिस्त पूलमध्ये तो तळाशी साचतो. ॲसिड आणि ब्लीच एकमेकांजवळ येऊ देऊ नका.

डाग कसला आहे ते आधी ठरवा

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. क जीवनसत्त्वाची पूड, म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड, दोन चमचे एका जुन्या मोज्यात भरा, गाठ मारा आणि तो मोजा पायरीवरच्या डागावर ठेवून द्या. दहा मिनिटांनी उचला. मोज्याच्या आकाराचा पांढरा ठसा उमटला असेल तर डाग लोखंडाचा. केमिस्टकडची चघळायची गोळी डागावर घासूनही हेच कळतं, फक्त ती नारिंगी गोळी स्वतःचाच रंग सोडते. पहिल्यांदा मी त्यामुळेच फसलो आणि डाग जात नाही असा निष्कर्ष काढून मोकळा झालो.

मोज्याने काही झालं नाही आणि डागावर थोडी क्लोरीनची पूड टाकल्यावर तो फिका पडला, तर डाग झाडपाल्याचा आहे. निळसर-हिरवा डाग तांब्याचा. काळा किंवा जांभळट काळा असेल तर मँगनीज असू शकतं, आणि ते लोहापेक्षा हट्टी असतं.

आमच्याकडे यात एक गंमत होती. पूलच्या कडेला बदामाचं झाड आहे. काजूबदामातला नव्हे, लाल पानांचा देशी बदाम. त्याचं पान रात्रभर तळाशी पडून राहिलं की सकाळी तिथे पानाच्याच आकाराचा काळा डाग, शिरांसकट. पानातलं टॅनिन पाण्यातल्या लोहाला भेटतं आणि शाई तयार होते. पूर्वी शाई अशीच करत, हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) एकत्र करून. बदाम हा हिरड्याचा सख्खा भाऊबंद, एकाच कुळातला. आणि काकांच्या चहाचं कोडंही हेच. चहात टॅनिन, बोअरमध्ये लोह. मी शेवटी तो चहा करून पाहिला. दूध घालण्याआधीच काळानिळा झाला होता. प्यायलो नाही.

आता पाणी तपासा, पण पूलचं नाही, बोअरचं. ही गोष्ट मला तिसऱ्या वर्षी कळली. मे महिन्यात मी पूलच्या पाण्याचा नमुना तपासायला दिला आणि लोह जवळजवळ शून्य आलं. साहजिक आहे, ते सगळं टाइल्सवर जाऊन बसलं होतं. बोअरचा नमुना दिला तेव्हा लिटरला २ मिलिग्रॅम निघालं. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की कपड्यांवर आणि भांड्यांवर डाग पडायला लागतात, हा सर्वसाधारण दाखला आहे. मँगनीजला तर ०.१ सुद्धा पुरतं. तपासणी करायची नसेल तर पांढऱ्या बादलीत बोअरचं पाणी भरा, झाकणभर ब्लीच टाका आणि अर्ध्या तासाने बघा. पाणी पिवळं-तपकिरी झालं तर उत्तर मिळालं.

डाग परत का येतात

हा हिशेब मी एका रविवारी दुपारी कागदावर मांडला आणि तेव्हाच खऱ्या अर्थाने डोळे उघडले. पूलची सरासरी खोली १.३ मीटर, म्हणजे पाणी सुमारे ४२,००० लिटर. उन्हाळ्यात आमची पातळी रोज अर्धा सेंटिमीटर उतरते. ३२ चौरस मीटरला ते १६० लिटर, महिन्याला ४,८००. शिवाय आठवड्याला एक बॅकवॉश (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुणं), दर वेळी हजारेक लिटर, म्हणजे आणखी ४,०००. एकूण ८,८०० लिटर बोअरचं पाणी दर महिन्याला आत जातं आणि त्याच्याबरोबर साडेसतरा ग्रॅम लोखंड. वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी, लोखंड मागेच राहतं. ४२,००० लिटरमध्ये ०.३ ची पातळी गाठायला साडेबारा ग्रॅम लागतात, म्हणजे तीन आठवडे. मार्च ते मे धरले तर ५० ग्रॅमच्या वर. मूठभर खिळे आपणच पूलमध्ये टाकायचे आणि मग गंज कुठून येतो म्हणून विचारायचं.

पावसाळ्यानंतर पूल स्वच्छ का असतो, तेही यातच आलं. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नुसत्या पूलच्या तोंडावर १ लाख १२ हजार लिटर, म्हणजे पूल अडीच वेळा भरेल इतकं बिनलोखंडाचं पाणी. ते ओसंडून वाहतं आणि जुनं पाणी घेऊन जातं. आम्ही मात्र याचं श्रेय दर वर्षी मेंटेनन्सवाल्याला देत होतो.

डाग काढायची रीत

पूल रिकामा करायचा नाही. काम पाण्यातच होतं.

दोन दिवस आधी क्लोरीन बंद करा. पाण्यातलं क्लोरीन शून्याजवळ आलं पाहिजे, कारण क जीवनसत्त्व आणि क्लोरीन एकमेकांना खातात. लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन अडीच मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिड संपवतं. पाण्यात २ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असताना मी पूड टाकली असती तर अर्धा किलोतली दोनशे ग्रॅमच्या वर नुसती त्यातच गेली असती. ट्रायक्लोरच्या (हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या) गोळ्या वापरत असाल तर दोन दिवस पुरणार नाहीत, त्यातलं सायन्युरिक ॲसिड क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. टेस्ट किट बघूनच पुढे जा. पीएच ७.२ च्या आसपास आणा.

मात्रा हजार लिटरला ६ ते १२ ग्रॅम. डाग जुने होते म्हणून मी ४२,००० लिटरला ५०० ग्रॅम घेतली. पूड खाद्य दर्जाची, केमिकलवाल्याकडून किलोच्या भावाने घ्या, औषधाच्या गोळ्या कुटत बसू नका. सकाळी पंप चालू ठेवून, काठाने चालत, जिथे डाग जास्त तिथे जास्त अशी पेरली. भाचा पायरीवर बसून बघत होता. दहा मिनिटं काहीच नाही. मग पहिल्या पायरीची कड विटकरीची पिवळी झाली, पिवळ्याची साय-रंगाची, आणि अर्ध्या तासात सांधा पांढरा. ब्रश न लावता. ॲसिडची तीन वर्षं आठवून जरा वाईटच वाटलं.

आता खरी गोम. डाग गेला म्हणजे लोखंड गेलं नाही. ते फक्त टाइलवरून उठून परत पाण्यात विरघळलं. या घडीला क्लोरीन टाकलंत तर उद्या सकाळी सगळे डाग जागच्या जागी हजर. इथेच बहुतेकांची निराशा होते आणि हा उपाय बदनाम होतो.

पण लोखंड सगळं पाण्यात आहे, हीच त्याला घराबाहेर काढायची वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्किमरचा (वरवरचं पाणी आणि कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाचा) वॉल्व्ह बंद केला, पंप तळाच्या ड्रेनवर घेतला आणि एक तृतीयांश पाणी बागेला सोडलं. क्लोरीन नसल्यामुळे झाडांना त्रास नाही. त्यानंतर उरलेल्या पाण्यात सिक्वेस्ट्रंट घातलं, म्हणजे धातूला बांधून पाण्यातच धरून ठेवणारं रसायन. डब्यावर एचईडीपी किंवा फॉस्फोनिक ॲसिड हा घटक आहे का बघा आणि मात्रा डब्यावरचीच ठेवा. हे रसायन क्लोरीनने आणि उन्हाने हळूहळू मोडतं, त्यामुळे दर आठवड्याला थोडं घालावं लागतं. ते संपलं की बांधलेलं लोखंड सुटतं.

क्लोरीन हळूहळू वाढवा, संध्याकाळी थोडं-थोडं, लिक्विड हायपो (द्रव क्लोरीन ब्लीच) असेल तर उत्तम. पहिले तीन-चार दिवस टाकलेलं क्लोरीन कुठे जातं कळत नाही, उरलेलं क जीवनसत्त्व ते खात असतं. घाबरून शॉक देऊ नका. या दिवसांत पाणी निर्जंतुक नसतं, त्यामुळे कुणालाही उतरू द्यायचं नाही, "पाच मिनिटंच" म्हणणाऱ्या पोरांनाही नाही. क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅमवर स्थिर झालं की मगच. शेवाळाची भीती वाटली तर पॉलीक्वाट प्रकारचं शेवाळनाशक चालतं, तांब्याचं नको. पीएच ७.६ च्या वर जाऊ द्यायचा नाही.

नळावरचा बंदोबस्त

आमचं काम ज्याने झालं ते हे. बोअरच्या पाइपाजवळ २,००० लिटरची प्लास्टिकची टाकी ठेवली. तिच्या तोंडाशी पीव्हीसी पाइपाचा तुकडा, त्याला ड्रिलने पाडलेली पन्नासेक भोकं. पाणी धारेने न पडता शॉवरसारखं पडतं, त्याला हवा लागते. टाकी भरताना १०० मिलिलिटर साधं ब्लीच घालतो, ५ टक्क्यांचं. दोन हजार लिटरमधल्या चार ग्रॅम लोहाला त्याच्या निम्मं पुरतं, पण बोअरच्या पाण्यात आणखीही काहीबाही असतं. रात्रभर निवळू द्यायचं. सकाळी तळाला गेरूच्या रंगाचा मऊ गाळ बसलेला असतो. पूलकडे जाणारा पाइप तळापासून वीतभर वर काढलाय आणि मध्ये पाच मायक्रॉनचा कार्ट्रिज फिल्टर आहे. पहिल्या वेळी कार्ट्रिज काढला तेव्हा तो हळद लावल्यासारखा दिसत होता. पाण्यातलं लोह ०.२ च्या खाली येतं. गाळ निवळायला वेळ लागत असेल तर थोडी तुरटी.

मँगनीज मात्र या पद्धतीने नीट निघत नाही, नुसत्या हवेला ते दाद देत नाही. तुमच्या बोअरमध्ये ते असेल तर त्यासाठीचा खास माध्यम भरलेला फिल्टर घ्यावा लागेल. टँकरचं पाणी घेणाऱ्यांनी प्रत्येक टँकरला बादलीची चाचणी करावी. टँकरवाला कालच्या विहिरीवरूनच आणेल याचा भरवसा नाही.

आणि आमच्यासारखं पावसाचं पाणी फुकट मिळत असेल तर छपराचं पन्हळ पूलकडे वळवा. पहिल्या दोन-तीन सरी सोडून द्या, कौलांवरची घाण जाऊ दे. शंभर चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की हजार लिटर होतात. एकच पथ्य, पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, त्यामुळे पूलची अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारा क्षारपणा, खाली जाते आणि पाणी सिमेंट चाटायला लागतं. ती लिटरला ८० मिलिग्रॅमच्या खाली गेली की खायचा सोडा. आमच्या पूलला २० ने वाढवायला साधारण १,४०० ग्रॅम लागतो.

डाग निळसर असतील तर

मग बोअरला दोष देण्याआधी मेंटेनन्सवाल्याची पिशवी बघा. शेवाळावर मोरचूद टाकायची सवय सर्रास आहे, शिवाय पाणी छान निळं दिसतं म्हणून गिऱ्हाईकही खूश. द्राक्षबागांच्या बोर्डो मिश्रणातलं तेच हे मोरचूद. त्याच्या वजनाच्या चौथा हिस्सा तांबं असतं. एक किलो आमच्याएवढ्या पूलमध्ये टाकलं तर लिटरला ६ मिलिग्रॅम तांबं झालं. ते उडून जात नाही, झिजत नाही. पीएच वर गेला की सांध्यांवर हिरवट-निळं बसतं, आणि पांढऱ्या केसांच्या आजोबांच्या केसांवर हलकी हिरवी झाक येते. दुसरी वाट हीटरची. स्किमरमध्ये ट्रायक्लोरच्या गोळ्या ठेवून पंप बंद केला की तिथलं पाणी आंबट होतं आणि पंप सुरू होताच ते हीटरची तांब्याची नळी खात जातं. गोळ्या तरंगत्या डब्यात ठेवा. त्यांच्याजवळ ब्लीचिंग पावडर मात्र ओल्या चमच्यानेही येऊ देऊ नका, ते मिश्रण भडकतं.

तांब्याच्या डागाला लिंबूसत्व जास्त लागू पडतं. चिंचेने घंगाळ उजळतं तोच न्याय. मोज्याची चाचणी लिंबूसत्वाने करा, बाकी रीत वरचीच: पाणी बदलणं, सिक्वेस्ट्रंट, आणि मोरचूद कायमचं बंद.

एक डाग मात्र यातल्या कशानेही जाणार नाही. रुपयाएवढा, गडद, दर वेळी त्याच जागी येणारा. आधी तिथे हेअरपिन, स्क्रू किंवा नाणं पडलेलं नाही ना बघा, शिडीचे बोल्ट बघा. काही नसेल तर आतली सळई किंवा बांधायची तार पृष्ठभागाजवळ आलीय. क जीवनसत्त्वाने तो आठवडाभर फिका पडेल, पण सळई आत गंजतच राहणार. तिथलं फोडून, गंजलेला भाग कापून, पाणीरोधक मॉर्टरने भरून घ्यावं लागतं आणि त्यासाठी पूल उपसावा लागतो. पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच हे काम काढू नका. जमिनीत पाणी वर आलेलं असताना रिकाम्या पूलला खालून दाब बसतो आणि तळाला भेग जाते, कधी अख्खा पूलच उचलला जातो. आमच्या खोल भागात असा एक डाग आहे. विहिरीचं पाणी तिसऱ्या पायरीच्या खाली गेलं की तो फोडायचा, असं काकांनी ठरवून टाकलंय. साधारण जानेवारी उजाडतो.